पुरुमेतापासून पुनवेपर्यंत: गोव्यातल्या छोट्या संस्थेचे निधीचे वर्ष

पेडणे तालुक्यातल्या एका छोट्या नोंदणीकृत संस्थेचा प्रश्न आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणे हे तिचे काम. एक परिचारिका, एक जुनी गाडी, हवेच्या गाद्या, डायपर, मलमपट्टीचे सामान आणि काही औषधे मिळून वर्षाला साडेचार लाख रुपये लागतात. निधीसाठी दर डिसेंबरात संगीत रजनी होते. हॉल, ध्वनिव्यवस्था, कलाकारांचे मानधन आणि जेवण वजा जाता हातात फारसे उरत नाही. ऋतूप्रमाणे वर्षभर आणखी कोणते कार्यक्रम करता येतील, असे त्यांनी विचारले आहे.

आणखी कार्यक्रम करूच नका, हे माझे पहिले उत्तर. गोव्यात कार्यक्रमांची टंचाई कधीच नव्हती. जत्रा, फेस्तां, भजनी सप्ताह, नाटके, तियात्र आहेतच, वर ऑक्टोबरपासून सरकारी महोत्सवांची रांग लागते. ओळखीपाळखीने तिकीट घेणारा माणूस तुमच्या रुग्णांसाठी पैसे देत नसतो, तिकीट घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणे त्याला जड जाते म्हणून देतो. असा पैसा दुसऱ्या वर्षी आटतो.

गोव्यातल्या घराचा खर्च मात्र ऋतूप्रमाणे चालतो. पावसाआधी बेगमी, श्रावणात शाकाहार, चवथीला गणपतीवर बांधायची माटोळी, दिवाळीला पोहे, नाताळला गोडधोड. त्या त्या वेळी माणसे खिशात हात घालतातच. ती जे घेणारच आहेत तेच तुमच्याकडून मिळाले आणि ते सणाच्या दोन-तीन आठवडे आधी विचारले गेले, तर मनधरणी करावी लागत नाही. ऐन सणात कोणाला वेळ नसतो आणि सण संपल्यावर कोणाकडे पैसे नसतात.

आता हिशेब. साडेचार लाखांना ३६५ ने भागले की दिवसाला १,२३३ रुपये येतात. हा आकडा तुमच्या प्रत्येक सभासदाला पाठ हवा. ‘साडेचार लाख जमवतोय’ असे सांगितले की दुकानदार मान डोलावतो आणि शंभराची नोट काढतो. ‘साडेबाराशेत आमची गाडी एक दिवस फिरते’ म्हटले की तोच माणूस एक दिवस आपल्या नावावर घेण्याचा विचार करू लागतो. दुसरा आकडा महिन्याच्या दात्यांचा. महिन्याला २०० रुपये देणारी १५० माणसे मिळाली तर वर्षाचे ३,६०,००० होतात, म्हणजे खर्चाचा ऐंशी टक्के भाग. उरतात ९०,०००. तेव्हा हंगामी उपक्रमांकडून दोन गोष्टी मागायच्या: ते नव्वद हजार आणि ती दीडशे नावे. यातली दुसरी गोष्ट मोठी. पिशवी विकली, पान वाढले, बोली लावली, पण घेणाऱ्याचे नाव आणि फोन वहीत आला नाही, तर तो उपक्रम अर्धाच झाला असे समजा. महिन्याचे पैसे यूपीआयच्या ऑटोपेवर घ्या, म्हणजे दात्याने एकदा परवानगी दिली की ते दर महिन्याला आपोआप येतात. दर महिन्याला दारात जाऊन दोनशे रुपये गोळा करणारा स्वयंसेवक चार महिन्यांत कंटाळतो आणि देणाराही अवघडतो.

वर्षाची सुरुवात एप्रिलमध्ये करा, कारण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सगळे ऑनलाइन मागवणारी फ्लॅटमधली घरेसुद्धा मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पुरुमेताच्या फेस्तात एक फेरी मारतात. मिरची, सोलां (आमसुले), चिंच, जाडे मीठ, कुळीथ, कांद्याच्या माळा, आंब्या-फणसाची साठां अशी त्यांची यादी ठरलेली असते. यात तुमच्या तालुक्याचे नशीब चांगले आहे. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि आगरवाड्याला मिठागरे आहेत. ‘पेडण्याचे पुरुमेंत’ म्हणून पाच-सहा वस्तूंची एकच पिशवी ठरवा: मिरची, मीठ, सोलां, कुळथाचे पीठ, फणसाचे साठ. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पर्वरी, पणजी, म्हापशाच्या सोसायट्यांत, बँकांत, शाळांच्या शिक्षकखोल्यांत यादी फिरवा, पैसे आगाऊ घ्या आणि मेच्या मध्यावर पोचवा. पिशवीमागे २०० रुपये सुटले आणि ३०० पिशव्या गेल्या तर ६०,००० झाले. नव्वदातले साठ एका महिन्यात, आणि हॉलचे भाडे शून्य.

तीन पथ्ये पाळा. सुकी मासळी पिशवीत नको, ती सादळते, गाडीला वास लागतो आणि तक्रारी येतात. मिरची हरमलची असेल तरच हरमलची म्हणा, जिथून घेतली त्या गावाचे नाव पिशवीवर छापा. आणि ज्या स्वयंसहाय्य गटाच्या बायका साठ घालतात, पीठ दळतात त्यांना पूर्ण दर द्या. ‘पुण्याचे काम आहे, थोडे कमी करा’ हे वाक्य गोव्यात फार ऐकू येते आणि ते नेमके ज्यांना परवडत नाही त्यांनाच ऐकवले जाते. गट निवडताना अन्नसुरक्षेची नोंदणी असलेलाच निवडा.

जून-जुलै विक्रीचे नाहीत. या दोन महिन्यांत ज्यांनी पिशवी घेतली त्यांना फोन करा, आणि फोनवर पैसे मागू नका. पावसात कोणत्या गावात गाडी पोचायला त्रास होतो, किती घरे झाली, गादी कोणाला लागली (नाव न घेता) एवढे सांगा. एका पानाचा अहवाल छापून पाठवा. देणगी मिळाल्यानंतर पहिला निरोप पुढच्या मागणीचाच असेल तर तिसऱ्या वेळी फोन उचलला जात नाही.

श्रावणात पंगत करा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, मासे महाग असतात, आणि ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी बऱ्याच घरांत श्रावण पाळला जातो. रविवारी दुपारी एखाद्या देवळाच्या अग्रशाळेत (भक्तांच्या उतरण्याच्या जागेत) केळीच्या पानावर खतखते, मुगागाठी, आंबाड्यांचे सासव, तायकिळ्याची भाजी, मणगणे. असे जेवण आता घरी रांधायला वेळ नाही पण खायची इच्छा मात्र आहे, अशी माणसे म्हापशापासून पणजीपर्यंत भरपूर आहेत. दीडशे पाने पुरे. त्यापुढे गेलात की आचारी, मांडव, भांडी असा पसारा वाढतो आणि पुन्हा संगीत रजनीच्याच वाटेने जाल. तांदूळ, नारळ, गूळ वस्तुरूपाने मागा. नारळाचे भाट (बागायत) असलेल्या माणसाला पाच हजार रुपये मागण्यापेक्षा पन्नास नारळ मागणे सोपे, आणि तो ते स्वतः आणून देतो, मग जेवायलाही थांबतो. पान वाढून झाल्यावर तुमच्या परिचारिकेने पाच मिनिटे बोलावे. अध्यक्षांनी बोलू नये. लोकांना काम करणाऱ्याच्या तोंडून ऐकायचे असते.

पातोळ्यांची गंमत वेगळी आहे. हळदीच्या पानातल्या पातोळ्या हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदाच्या सणांना होतात, आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, सायबिणीच्या (मारिया मातेच्या) फेस्ताला. गोव्यातल्या दोन्ही समाजांचे एकाच पक्वान्नावर एकाच सुमारास मन जाते. १५ ऑगस्टच्या पातोळ्यांची आगाऊ मागणी घ्या, सहाचे एक पाकीट करा आणि चॅपेलच्या मंडळींकडेही यादी द्या. तुमच्या रुग्णांत दोन्ही घरांतले आहेत, मग दात्यांची यादी एकाच समाजाची का? पैसे फार मिळणार नाहीत, कारण पातोळी त्याच दिवशी खपली पाहिजे आणि पहाटे करावी लागते. मी हा उपक्रम नावांसाठी ठेवीन, नफ्यासाठी नाही.

चवथीकडे येऊ. इथे पहिल्यांदा काय करू नये ते सांगतो. मोठमोठी सार्वजनिक मंडळे देणगी कूपन काढतात, गाड्या-स्कूटरी बक्षीस लावतात. त्या स्पर्धेत तुम्ही उतरू नका. बक्षिसाचे पैसे आधी घालावे लागतात, आणि तिकीट विकून सोडत काढणे कायद्याने लॉटरीच्या हद्दीत जाते, परवानगीशिवाय ते करणे छोट्या संस्थेला महागात पडू शकते. शिवाय कूपन घेणारा गाडीचे स्वप्न विकत घेतो, त्याचे तुमच्या कामाशी नाते जुळत नाही.

त्याऐवजी माटोळी. गणपतीच्या वर बांधायची सुपारी, नारळ, चिबूड, तोरिंग, कवंडळ, कांगल्या ही सामग्री चवथीच्या दोन-तीन दिवस आधी बाजारात येते. शहरात वाढलेल्या पिढीला यातले निम्मे ओळखता येत नाही, आणि गर्दीत भाव करायलाही जमत नाही. पूर्ण माटोळीचा जुडगा, प्रत्येक फळाला नावाची चिठ्ठी बांधून, घरपोच. दहा-पंधरा प्रकार पुरेत, अधिकाचा हव्यास नको. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेसाठी दोन-दोनशे प्रकार जमवणारे हौशी असतात, त्यांची गोष्ट वेगळी. रानातून आणणाऱ्याला आधीच सांगा: वेल मुळासकट ओढायची नाही, दुर्मिळ काही तोडायचे नाही. आगाऊ मागणीशिवाय एकही जुडगा बांधू नका. चवथीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या चिबडाला कोणी विचारत नाही.

आणि पावणी. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गोव्यात निधी जमवण्याची इतकी जुनी आणि इतकी चांगली रीत दुसरी नाही, आणि सामाजिक संस्था ती जवळजवळ वापरतच नाहीत. देवाला वाहिलेल्या फळांची, नारळांची, साड्यांची विसर्जनाआधी किंवा उत्सवाच्या शेवटी बोली होते. पन्नास रुपयांचा नारळ पाच हजारांना जातो आणि घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटत नाही. बोली नारळाची नसतेच. देवाचा प्रसाद घरी न्यायचा असतो, गावासमोर नाव पुकारले जायचे असते, आणि शेजारच्या वाड्याने चार हजार म्हटल्यावर आपण गप्प बसायचे नसते. परदेशी पद्धतीच्या ‘चॅरिटी ऑक्शन’मध्ये महागडे चित्र किंवा हॉटेलातली रात्र ठेवावी लागते. पावणीत वस्तू साधीच असते, तिच्यामागचा मान मोठा असतो.

तुम्ही स्वतःची पावणी भरवायला जाऊ नका. तालुक्यातल्या चार-पाच सार्वजनिक मंडळांकडे जुलैतच जा आणि एवढेच मागा: तुमच्या पावणीत एक वस्तू आमच्या रुग्णांच्या नावे पुकारा. एकच. मंडळाचे उत्पन्न आपण खातो आहोत असे कोणाला वाटता कामा नये. वस्तू तुम्ही आणा आणि ती कोणाकडून आणता याला महत्त्व द्या. गावात ज्यांच्या हाताखाली तीन पिढ्या शिकल्या त्या निवृत्त मास्तरांच्या परसातला केळीचा घड हा बाजारातल्या फळांच्या टोपलीपेक्षा कितीतरी वर जातो. पुकारणाऱ्याला दोन वाक्ये लिहून द्या, भाषण नको. पैसे मंडळाच्या खात्यात न जाता थेट संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती संस्थेची असावी, हे आधी लेखी ठरवा, नाहीतर पुढच्या वर्षी हिशेबावरून कुरबुर होते. बोलीच्या भरात आकडा फुगतो आणि नंतर माणूस भेटेनासा होतो, हेही घडते. म्हणून त्याच रात्री यूपीआय, नाहीतर आठ दिवसांची मुदत, आणि वसुलीला मंडळातलाच वजनदार माणूस. तुमची परिचारिका वसुलीला जाता कामा नये.

चवथ संपली की पितृपक्ष. व्यापारी या पंधरवड्याला मंदी म्हणतात आणि संस्थाही हातावर हात धरून बसतात. तुमच्यासारख्या संस्थेसाठी वर्षातला सर्वांत जवळचा काळ हाच आहे. घरोघर म्हाळ होतात, गेलेल्यांची आठवण निघते, त्यांच्या नावे काही द्यावे असे मनात असते. ‘एक दिवसाची शुश्रूषा, १,२५० रुपये, तुमच्या माणसाच्या नावे’ एवढी एकच योजना ठेवा. त्या तिथीच्या दिवशी गाडी कोणत्या गावांत गेली याचा दोन ओळींचा संदेश संध्याकाळी पाठवा. वर्षश्राद्ध, पुण्यतिथी, ख्रिस्ती घरांत महिन्याची मीस (चर्चमधली प्रार्थना), २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस, सगळ्यांना हीच योजना चालते. १५ दिवस नोंदले गेले तरी १८,७५० रुपये, आणि हे लोक दर वर्षी त्याच तिथीला परत येतात, त्यांना आठवण करून द्यावी लागत नाही.

इथे संयम फार हवा. ज्या घरातल्या रुग्णाची तुम्ही सेवा केली आणि तो गेला, त्या घराकडे किमान वर्षभर काही मागायचे नाही. पत्रकही ठेवायचे नाही. ती माणसे आपण होऊन येतात. आली नाहीत तरी त्यांच्यावर कसले ऋण नाही. शुश्रूषा चालू असताना कोणी पाकीट पुढे केले तर परिचारिकेने घेऊ नये, कार्यालयाचा पत्ता द्यावा. ‘पैसे दिले तर बाय जास्त वेळ थांबते’ अशी समजूत एकदा वाड्यावर पसरली की निस्तरता येत नाही.

कोजागिरीला पेडण्याची पुनव. गोव्यातून आणि सिंधुदुर्गातून लोक लोटतात. अशा गर्दीत विक्रीचा स्टॉल लावू नका, खेळणी आणि खाजे यांच्यासमोर तुमच्या पत्रकाकडे कोण बघणार? देवस्थान समितीला विचारून प्रथमोपचाराचे टेबल मात्र जरूर लावा. पाय मुरगळलेला, चक्कर आलेला, मूल हरवलेली आई, सगळे तिथे येतात. तालुक्याला तुमची परिचारिका चेहऱ्याने ओळखीची होते. हीच गोष्ट जत्रांची. पौष-माघातल्या मोठ्या जत्रांत जागेचे भाडे भरून स्टॉल मांडण्यापेक्षा लहान गावच्या जत्रेत पाणी आणि प्रथमोपचार परवडतो.

दिवाळीत नरकासुरांच्या वर्गणीने लोक आधीच वैतागलेले असतात, त्यांच्या दारात आणखी एक पावतीपुस्तक नेऊ नका. गावठी तांबडे पोहे आणि माडाचा गूळ यांचे नेटके पाकीट कार्यालयांना भेट देण्यासाठी चालते, सुक्या मेव्याच्या डब्याला लोक कंटाळले आहेत. तुये औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांना सप्टेंबरात विचारा, ऑक्टोबरात त्यांची खरेदी होऊन गेलेली असते. आकाशकंदील करणाऱ्या मुलांकडूनच नाताळची नखेत्रेही (कागदी चांदण्या) करून घ्या, कागद आणि कामट्या त्याच.

स्मरणिका काढत असाल तर बंद करा. जाहिरातदाराशिवाय ती कोणी उघडत नाही. त्याच जाहिराती भिंतीवरच्या दिनदर्शिकेला घ्या: बारा पाने, बारा पुरस्कर्ते, प्रत्येकी ५,००० म्हणजे ६०,००० आणि त्यातून छपाई. तालुक्यातल्या जत्रा, फेस्तां, सप्ताह, पालख्या यांच्या तारखा घातल्यात तर ती वर्षभर स्वयंपाकघरात राहते. तिथी पंचांगावरून आणि त्या त्या देवस्थानाकडून पडताळून घ्या, एक जत्रा चुकली तर वर्षभर तेच ऐकाल. ऑगस्टात जाहिराती, दसऱ्याला छपाई, दिवाळीपासून वाटप.

आता पर्यटकांचा हंगाम. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मार्च पैसा दिसतो, मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर तर जास्तच, आणि प्रत्येक संस्थेला वाटते की तिथल्या शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या उपाहारगृहांत) दानपेटी ठेवावी. ठेवू नका. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, रुपयांत दिली तरी, विदेशी योगदान ठरते. त्यासाठी एफसीआरएची (विदेशी योगदानाच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो. पेटीत टाकणारा माणूस कुठला हे तुम्ही कसे सांगणार?

हाच नियम आपल्या माणसांनाही लागतो, आणि गोव्यात तो फार जणांना माहीत नसतो. आखातात किंवा बोटीवर काम करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला गोंयकार आपल्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते विदेशी योगदान नव्हे. पण ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आणि आता इंग्लंडात राहतो, तो तुमचा शाळासोबती असला, ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) असला, तरी कायद्याच्या नजरेत विदेशी स्रोत. डिसेंबरात घरी आलेल्या अशा मित्राने प्रेमाने पाकीट दिले तर हात जोडून परत करावे लागते. त्याच्या गावातल्या भावाने स्वतःच्या पैशातून दिले तर हरकत नाही. पण भाऊ नुसता वाटेतला हात असेल तर तोही उपयोगाचा नाही.

मग किनाऱ्याचा उपयोग कसा करायचा? स्थानिक मालकाच्या उपाहारगृहाला सांगा की जानेवारीतल्या एका आठवड्यात एका पदार्थाच्या विक्रीतला ठरावीक वाटा स्वतःच्या खात्यातून संस्थेला द्यावा. देणगी मालकाची होते, पावती त्याच्या नावे जाते. भागीदार परदेशी असेल तर आधी सीएला विचारा. पोह्यांची, मिठाची पाकिटे रास्त किमतीला विकणे ही देणगी नव्हे, विक्री आहे, तिची पावती आणि वही वेगळी ठेवा. सीएशी बोलताना विक्रीच्या वहीचा विषय काढाच. धर्मादाय संस्थेच्या व्यवसायाला करकायद्यात मर्यादा आहेत.

पेटीबद्दल आणखी एक. नाव न लिहिता आलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेल्या तर त्या भागावर तीस टक्के कर बसू शकतो. तुमच्या आकारमानाच्या संस्थेला तो बहुधा लागणार नाही, पण निनावी पैशातून महिन्याचा दाता मिळत नाही हे कारण मला पुरेसे वाटते.

मार्चबद्दल जुना सल्ला असा होता की शेवटच्या पंधरवड्यात ‘८०जी’ची करवजावट मिळेल म्हणून मागा. तो आता तितका चालत नाही. नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे बरेच पगारदार विचारतही नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा कायदाच नवा आला आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत, लोकांच्या तोंडी मात्र ‘८०जी’च आहे. जुन्या प्रणालीतले व्यावसायिक, डॉक्टर, वकील अजून विचारतात. त्यांच्यासाठी नोंदणी चालू ठेवा, २,००० रुपयांवरची देणगी रोख घेऊ नका आणि दात्यांची यादी आयकर खात्याकडे वेळेत भरा. प्रमाणपत्र मिळाले नाही की चांगला दाता दुखावतो, आणि तो कारण न सांगता थांबतो.

सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, मार्चमध्ये धावू नका. कंपन्यांचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला वाटले जातात, मार्चमध्ये उरलेसुरले असते. त्यासाठी सीएसआर-१ ही नोंदणी आणि साधारण तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. मोठ्या कंपनीकडून पगार मागण्यापेक्षा गाडी किंवा गाद्या मागा, त्यांना ते छायाचित्रात दाखवता येते.

राजकारण्यांविषयी विचारलेले नाही, तरी सांगतो. आमदारांनी दोनशे तिकिटे घेतली की कार्यक्रम सुटतो, पण मग बाकीचा गाव म्हणतो की यांना सरकार देतेच आहे. वैयक्तिक देणगी जरूर घ्या, पावती द्या, बॅनर नको.

राहिली डिसेंबरची संगीत रजनी. हॉलचे आगाऊ पैसे भरून झाले असतील तर रद्द करू नका, स्वरूप बदला. बाहेरचे कलाकार सोडून दशावतार लावा. एक बाकडे, एक पडदा, पेटी, मृदंग, झांज. नेपथ्याचा खर्च नाही आणि पेडण्यात त्याला माणूस येतोच. डिसेंबरात दहीकाल्यांचा (जत्रांतल्या दशावतारी प्रयोगांचा) मोसम असल्यामुळे दशावतारी कंपन्यांच्या रात्री आधीच ठरलेल्या असतात, त्यामुळे तारीख आताच मागा. नाही मिळाली तर पुढच्या वर्षीपासून हा प्रयोग पावसाळ्यावर ढकला. तेव्हा कंपन्या मोकळ्या असतात, हॉलही मिळतात आणि लोकांना संध्याकाळी दुसरे काही नसते. जेवण बंद, चहा आणि भजी पुरे. प्रयोग सातला सुरू करा, म्हणजे ध्वनिक्षेपकाची दहाची मर्यादा सांभाळता येते. तिकिटाऐवजी प्रयोगाचे यजमान ठरवा, दहा जण प्रत्येकी ३,००० देणारे, आणि बाकीच्यांना प्रवेश खुला ठेवा. दारात दोन मुले ऑटोपेचा क्यूआर आणि वही घेऊन बसवा. मध्यंतरात ज्यांनी दोनशेचा अर्ज भरला त्यांची नावे संकासुराच्या (दशावतारातल्या विनोदी पात्राच्या) तोंडून पुकारून घ्या. तो जी काही चेष्टा करील ती करू द्या, पुढची दहा नावे त्या हशातच येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वहीतल्या प्रत्येकाला परिचारिकेचा किंवा चिटणिसाचा फोन जायला हवा, कारण अर्ज भरूनही ऑटोपेची परवानगी न दिलेले लोक बरेच असतात आणि ती त्याच आठवड्यात दिली गेली नाही तर बहुधा राहूनच जाते.